चाचा कोण, हे ठरवायचं कोणी?

कान्होजी आंग्र्यांना कुणी 'पायरेट', म्हणजे चाचा, समुद्री लुटारू, म्हटलं की आपलं डोकं सणकतं, आणि ते सणकायलाच हवं. छत्रपतींच्या दौलतीचा सरखेल, स्वतःच्या दस्तकावर, म्हणजे परवान्यावर, समुद्रात जकात घेणारा, मुंबईकर इंग्रजांशी १७१३ साली तह करणारा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत चाचा ठरला, कारण त्याचा दस्तक कंपनीला मान्य नव्हता. हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पण हेच आपण 'आखातातले अरबी चाचे' असं कुठे वाचलं की निमूट पुढे जातो. तिथे शंका येत नाही, चीड तर नाहीच. खरं म्हणजे दोन्ही प्रकरणं एकाच दप्तरातली आहेत. मुंबई सरकारच्या दप्तरातली.

म्हणून १८१९च्या रास अल-खैमाच्या, म्हणजे आजच्या संयुक्त अरब अमिरातीतल्या एका बंदरावरच्या, मोहिमेबद्दल मराठीत लिहायला हवं. ती मुंबई बंदरातून निघाली, तिच्यात मुंबई फौजेचे शिपाई होते आणि तिच्यातून निघालेल्या एका तहाने आखाताचं राजकारण दीडशे वर्षं बांधून ठेवलं. माझं म्हणणं असं की त्या मोहिमेचा खरा दोष कवासिमांना, म्हणजे तिथल्या अरबी दर्यावर्द्यांना, चाचे म्हणण्यात नव्हता. लूट झाली होती. दोष हा होता की फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा अमलात आणणारा हे तिघे एकच होते, आणि ज्याला गुन्हेगार ठरवलं त्याच्याचकडून पुढच्याच महिन्यात राजा म्हणून सही घेतली.

कवासिम म्हणजे अल्-कासिमी घराण्याभोवती जमलेल्या टोळ्या. रास अल-खैमा आणि शारजा ही त्यांची मुख्य ठाणी, आणि समोरच्या इराणी किनाऱ्यावर लिंगा. म्हणजे होर्मुझच्या तोंडाशी दोन्ही काठांवर त्यांचे पाय होते. उन्हाळ्यात मोती काढायचे, एरवी खजूर आणि माल घेऊन बसरा, कच्छ, मलबारपर्यंत जायचं, जहाजं हिंदुस्थानी सागवानाची बांधायची. जमीन नापीक, सगळं जगणं पाण्यावर. त्यांचा पिढीजात वैरी ओमानचं मस्कत. मस्कतच्या सुलतानाने १७९८मध्येच कंपनीशी करार करून फ्रेंचांना दार बंद केलं होतं. तेव्हापासून मस्कतचा शत्रू तो मुंबईचा संशयित, हे समीकरण बसलं. वर १८००च्या सुमारास किनाऱ्यावर वहाबींचा, म्हणजे मध्य अरबस्तानातल्या एका कडव्या धर्मपंथाचा, प्रभाव वाढला आणि कवासिमांच्या छाप्यांना धर्मयुद्धाचा रंग चढला.

लूट झाली का? झाली. १८०८मध्ये 'मिनर्व्हा' जहाज धरलं गेलं, त्याच वर्षी कंपनीची छोटी युद्धनौका 'सिल्फ' त्यांच्या हाती पडली आणि तिच्यावरचे पुष्कळ लोक कापले गेले. अशा जहाजांवरचे खलाशी कोण? बहुतेक कोकण, काठेवाड आणि कच्छचे लोक. माल कोणाचा? बराचसा सुरत, कच्छ आणि सिंधच्या व्यापाऱ्यांचा. कवासिमांची गलबतं पुढे पुढे थेट आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येऊ लागली होती. तेव्हा 'चाचेगिरी नव्हतीच, सगळं इंग्रजांनी रचलेलं थोतांड' असं म्हणणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, की त्या खलाशांचं काय करायचं? साम्राज्याविरुद्धच्या इतिहासातही त्यांना जागा नसेल तर तो इतिहास फक्त शेखांचा आहे.

हा थोतांडाचा पक्ष मांडणारे साधे कुणी नाहीत. शारजाचे शासक सुलतान बिन मुहम्मद अल्-कासिमी, म्हणजे आरोपींचे थेट वंशज, यांनी ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठात याच विषयावर पीएच.डी. केली. १९८६मध्ये ते पुस्तकरूपाने आलं आणि त्यासाठी त्यांनी मुंबईच्या दप्तरखान्यातले कागद वापरले. त्यांचं म्हणणं, कंपनीला आखाताचा व्यापार गिळायचा होता आणि त्यासाठी 'अरबी चाचे' हे भूत उभं केलं गेलं. राज्यकर्त्याने स्वतः दप्तरात बसून आपल्या पूर्वजांची बाजू मांडावी, हे मला मनापासून आवडतं. आपल्याकडे अशी हौस फारशी दिसत नाही. पण निष्कर्ष पूर्ण पटत नाही. कंपनीचा आखातातला अधिकृत व्यापार तोवर काही मोठा उरला नव्हता. तिला हवा होता तो डाकमार्ग, फ्रेंचांपासून सुरक्षितता आणि मस्कतची मैत्री.

हवं होतं आणखी एक, आणि ते कागदात ठळक अक्षरात येत नाही. १८०४-०५मध्ये कवासिमांनी धरलेल्या 'शॅनन' आणि 'ट्रिमर' या दोन जहाजांचा गवगवा मुंबईत फार झाला. त्यांचा मालक होता सॅम्युअल मॅनेस्टी. हा बसऱ्याला कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, होता. म्हणजे जो माणूस सरकारला आखाताची खबर देणार, त्याचीच स्वतःच्या खिशातली जहाजं लुटली गेली होती. कंपनीच्या नोकरांनी खासगी व्यापार करणं त्या काळात चालायचं. पण मग ज्या अहवालांवरून एक अख्खा किनारा गुन्हेगार ठरला, त्यांत सरकारची चिंता किती आणि मालकाची चडफड किती, हे वेगळं काढायचं कसं? व्यापार गिळण्याचा कट होता असं म्हणायची गरजच नाही. हितसंबंध असे नकळत कागदात उतरतात, आणि मग कागद सरकारी होतो.

१८०६मध्ये मुंबईच्या वतीने डेव्हिड सीटनने कवासिमांशी तह केला. कंपनीच्या निशाणाला हात लावायचा नाही, लावला तर दंड, आणि बदल्यात कवासिमांना सुरतेपासून बंगालपर्यंतच्या बंदरांत पूर्वीसारखा व्यापार करता येईल. त्यात एक कलम असं की वहाबींनी जबरदस्ती केली तर तीन महिने आधी सूचना देऊ. चाच्यांशी करार करताना कुणी तीन महिन्यांची नोटीस मागतं का? हा दोन सत्तांमधला करार होता, आणि तो तसाच लिहिला गेला.

तो टिकला नाही. १८०९च्या नोव्हेंबरात कॅप्टन वेनराइट आणि लेफ्टनंट कर्नल लायोनेल स्मिथ यांनी रास अल-खैमा जाळलं, मग लिंगा, मग किश्म बेटावरचं लाफ्त. फौज परतली आणि काही वर्षांत गलबतं पुन्हा उभी राहिली. १८१४मध्ये इराणातल्या बुशहरचा रेसिडेंट विल्यम ब्रूस याने रास अल-खैमाच्या हसन बिन रहमाशी पुन्हा एक समझोता केला, आणि पुढच्या वादात मराठी वाचकाने कान टवकारावेत अशी गोष्ट आहे. हसन बिन रहमाचा पवित्रा साधारण असा होता: इंग्रजांची जहाजं आम्ही सोडू, मुंबई आणि मंगळूर तुमची आहेत हेही मान्य, पण हिंदुस्थानचा बाकीचा पश्चिम किनारा तुमचा कधीपासून झाला? तिथल्या लोकांची जहाजं तुमच्या संरक्षणाखाली कशी?

मुंबईला हा उद्धटपणा वाटला. पण कायद्याच्या बोलीत माणूस बरोबर होता. १८१५-१६ साली कोकणपट्टीचा मोठा भाग पुण्याच्या पेशव्यांच्या अमलात होता. तिथल्या गलबतांवर कंपनीने छत्र धरायचं ते कोणत्या अधिकाराने? हा प्रश्न पुण्याने विचारायला हवा होता. विचारला रास अल-खैमाने.

१८१८च्या जूनमध्ये बाजीराव शरण गेला आणि प्रश्नच मिटला. किनारा कंपनीचा झाला, फौजा मोकळ्या झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात इजिप्तच्या इब्राहिम पाशाने वहाबींची राजधानी दिरिया घेतली आणि कवासिमांच्या पाठीशी असलेली वहाबी सत्ता कोसळली. १८१९ची मोहीम १८१९मध्येच का झाली, याचं उत्तर 'चाचेगिरी फार वाढली' इतकंच नाही. पुणे आणि दिरिया दोन्ही पडल्यावर ती शक्य झाली.

मोहिमेचा सेनापतीच पाहा. मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर. १८१९च्या सुरुवातीला हा सावंतवाडीवर चालून आला आणि त्याने निवती व रेडीचा यशवंतगड घेतला. मार्चमध्ये तो भुजला होता. नोव्हेंबरात मुंबईहून जहाजात बसला आणि डिसेंबरात रास अल-खैमापुढे उभा राहिला. एक माणूस, एक वर्ष, तीन किनारे. सात वर्षांपूर्वी, १८१२मध्ये, याच मुंबई सरकारने कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लं लिहून घेतलं होतं, कारण काय तर समुद्रावरची लूट. १८२०मध्ये ओखामंडळ आणि द्वारकेवर फौज गेली तेव्हाही कारण तेच. मालवण, द्वारका, रास अल-खैमा: फाइल वेगळी, शेरा एकच. प्रत्येक ठिकाणी थोडीफार लूट खरी होती. पण लूट थांबवण्याचा उपाय प्रत्येक ठिकाणी बंदर किंवा सार्वभौमत्व ताब्यात घेणं हाच निघावा, हा योगायोग नव्हे.

कीरच्या ताफ्यात 'लिव्हरपूल', 'ईडन', 'कर्ल्यू' या राजाच्या युद्धनौका होत्या, नौदलाची सूत्रं कॅप्टन फ्रान्सिस कॉलियरकडे. फौज तीन हजारांच्या वर, त्यात जवळपास निम्मे हिंदी शिपाई. मुंबई फौजेत त्या काळी कोकणातले महार आणि मराठे मोठ्या संख्येने असत, तेव्हा ज्यांच्या घरच्यांनी दीड वर्षापूर्वी पेशवाई बुडताना पाहिली, त्यांतलेच काही आता अरबी वाळूत उतरले असणार. मस्कतचा सय्यद सईद जहाजं घेऊन मदतीला होताच. ९ डिसेंबरला रास अल-खैमा पडलं.

तिथून उत्तरेला दाया नावाचा एक डोंगरी बुरुजकोट आहे. मातीच्या भिंतींची लहानशी गढी, खाली खजुराच्या बागा. जवळच्या रम्स गावातून आणि बागांतून पळालेले लोक तिथे चढून बसले होते, तिथल्या शेख हुसेन बिन अलीच्या आधाराने. छोट्या तोफांनी भिंत ढळेना, तेव्हा 'लिव्हरपूल'वरच्या दोन चोवीस-पौंडी तोफा उतरवल्या गेल्या. खारफुटीच्या अरुंद खाडीतून, मग चिखलातून, मग दगडांवरून, तीन मैल ओढत नेल्या. बायका-मुलांना बाहेर काढा असा निरोप गेला, उत्तर आलं नाही. २२ डिसेंबरच्या सकाळी साडेआठला तोफा सुरू झाल्या आणि साडेदहाला गढीवर पांढरं निशाण चढलं. आत ३९८ पुरुष आणि सुमारे ४०० बायका-मुलं होती. तीन दिवस त्यांनी मारा सोसला होता, पाण्याची सोय नाही, उन्हाला आडोसा नाही. शरण आलेल्या पुरुषांची इंग्रजांनी स्वतःच छाननी केली तेव्हा त्यांतले १७७ लढवय्ये ठरले. उरलेले गुराखी आणि बागाईतदार.

हे वाचून मला १७५६चा विजयदुर्ग आठवतो. तुळाजी आंग्रे, समोर अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह, आणि फेब्रुवारीत एका दिवसात जळून गेलेलं आरमार. विजयदुर्गची कथा सांगताना आपण एक गोष्ट हळूच गाळतो. इंग्रजांना बोलावलं होतं नानासाहेब पेशव्यांनी. तुळाजी जुमानत नाही ही पुण्याची तक्रार, तो जहाजं धरतो ही मुंबईची तक्रार. दोन तक्रारी एका तहात बसल्या. किल्ला पडल्यावर दहा लाखांच्या आसपास लूट इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली आणि किल्ला सोडायला ऑक्टोबरातल्या दुसऱ्या तहापर्यंत वेळ लावला, तोही बाणकोट पदरात पाडून. आखातात नानासाहेबांच्या जागी सय्यद सईद होता. घरातलं भांडण मिटवायला बाहेरचा आरमारवाला बोलवायचा, आणि तो आला की भांडणाचं नाव बदलतं. बंडखोर सरदार किंवा स्पर्धक शेख एका रात्रीत चाचा होतो. ही सोय एकट्या इंग्रजांनी केली नाही. ती आपल्यासारख्यांनीच त्यांच्या हातात दिली.

तह ८ जानेवारी १८२०पासून होऊ लागला. एकेक शेख येऊन सही करत गेला, बहरीनची सही फेब्रुवारीत, अजमान आणि उम्म अल-कुवैनची मार्चमध्ये. अकरा कलमं. मसुदा करणारा होता कॅप्टन थॉमस पेरोनेट थॉम्प्सन. त्याला अरबी येत होतं, तो आधी सिएरा लिओनचा गव्हर्नर राहिला होता आणि गुलामीच्या व्यापाराचा त्याला तिटकारा होता. पुढे इंग्लंडच्या राजकारणात तो जहाल सुधारक म्हणून गाजला. म्हणजे हा तह एखाद्या रांगड्या लष्करी माणसाचा नाही, सद्हेतूंनी भरलेल्या माणसाचा आहे. म्हणूनच तो वाचण्याजोगा आहे.

पहिल्या कलमात अरबांकडून जमिनीवरची आणि समुद्रावरची लूट कायमची बंद. दुसरं कलम सगळ्याचं मूळ: जाहीर केलेलं, उघड मान्य केलेलं, एका सरकारने दुसऱ्या सरकारविरुद्ध पुकारलेलं ते युद्ध, बाकी सगळी लूट आणि चाचेगिरी, आणि असं करणारा सगळ्या मानवजातीचा शत्रू. वरवर पाहता न्याय्य वाटतं. पण मग 'सरकार' कोणाला म्हणायचं? सही करणाऱ्या शेखाला कलमाने सरकार मानलं, तर महिन्यापूर्वीचं त्याचं युद्धही युद्धच ठरतं. आणि तो चाचा असेल, तर त्याच्याशी तह कसला करता? हसन बिन रहमा डिसेंबरात चाच्यांचा म्होरक्या होता, जानेवारीत तहाचा पक्षकार. अधे-मधे त्याच्यात काही बदललं नव्हतं. गाव जळलं होतं, एवढंच.

मुंबईत कौन्सिलला तह फार सौम्य वाटला, म्होरक्यांना सोडलं कसं अशी विचारणा झाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नुकताच, नोव्हेंबर १८१९मध्ये, गव्हर्नर झाला होता. कीरने आपली बाजू लावून धरली. माझ्या मते त्या दोघांत कीर शहाणा होता. शेखाला फाशी दिली असती तर किनाऱ्यावर सही करायला कोणी उरलं नसतं, आणि कंपनीला सही हवी होती.

सहीने काय केलं ते आजही नकाशावर दिसतं. तोवर किनाऱ्यावरची निष्ठा सैल होती, आज या शेखाकडे, उद्या त्या शेखाकडे. तहाने प्रत्येक बंदराच्या शेखाला वेगळं बोलावलं आणि वेगळी सही घेतली. ज्याने सही केली तो राज्यकर्ता. कवासिमांचा पसारा अशा तऱ्हेने मोडला गेला आणि लहान बंदरांचे शेख स्वतंत्र झाले. तिसऱ्या कलमाने सगळ्यांनी पांढऱ्यात लाल असं निशाण लावायचं ठरलं. शारजा आणि रास अल-खैमाचं निशाण आजही पांढऱ्या चौकटीत लाल आहे, दुबई आणि अजमानचं लाल, काठीकडे पांढरी पट्टी. पराभवाच्या कागदातलं कलम पुढे अभिमानाचं निशाण झालं. पाचव्या कलमाने प्रत्येक जहाजाला नोंदीचा कागद बाळगणं आलं. हे कलम वाचताना कान्होजी मला हटकून आठवतात. समुद्रात परवाना मागणं हा त्यांचा गुन्हा होता. कंपनीने तेच केलं तेव्हा त्याला कायदा म्हणाले.

नववं कलम थॉम्प्सनचं काळीज. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून किंवा कुठूनही माणसं पळवून जहाजात घालणं ही लूट आणि चाचेगिरी होय. १८२० साली असं लिहिणं मोठं होतं. पण अंमल? शेखांनी त्याचा अर्थ 'पळवू नका' एवढाच घेतला, विकत घेण्यावर बंदी नाही म्हणून, आणि मुंबईनेही बरीच वर्षं डोळेझाक केली. पुढे १८३०-४०च्या दशकांत वेगळे करार करावे लागले. कवासिमांचं गलबत व्यापाऱ्याचं जहाज धरायचं तेव्हा चोवीस-पौंडी तोफा तीन मैल ओढल्या गेल्या. गुलामांच्या जहाजासाठी तशी घाई कुणाला झाली नाही. कोणत्या चाचेगिरीवर आरमार जातं, हे कलमावर ठरत नाही.

थॉम्प्सनचं पुढे वाईट झालं. किनाऱ्यावर ठेवलेल्या तुकडीचा तो प्रमुख होता. १८२०च्या नोव्हेंबरात ओमानमधल्या बनी बू अली टोळीवर चाचेगिरीच्या आरोपावरून, मस्कतच्या बाजूने, तो चालून गेला. टोळीने त्याची फौज कापून काढली. मेले ते मुख्यतः मुंबई फौजेचे हिंदी शिपाई. थॉम्प्सनवर मुंबईत कोर्ट मार्शल झालं. १८२१मध्ये लायोनेल स्मिथ मोठी फौज घेऊन गेला, टोळी चिरडली आणि कैदी मुंबईला आणले. पलटणींच्या निशाणांवर 'बेनी बू अली' हा रणसन्मान चढला. रणसन्मान म्हणून तो अजून मोजला जातो. कोणाविरुद्ध, कशासाठी, याची आठवण मात्र पलटणीबाहेर कुणाला नाही.

राजनैतिक घोळ तर पुढे वाढतच गेला. तुकडी किश्म बेटावर हलवली, तर इराण म्हणालं बेट आमचं. ती समजूत काढायला ब्रूसने १८२२च्या ऑगस्टमध्ये शिराझला एक करार केला, आणि त्यात बहरीन इराणच्या अधीन असल्याचं लिहून बसला. मुंबईने कान झटकले, करार आम्हाला मान्य नाही म्हणून ब्रूसला परत बोलावलं. पण कागद तो कागद. बहरीनवरचा इराणचा दावा १९७०पर्यंत धुगधुगत राहिला, शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या दूताने चाचपणी केल्यावर तो मिटला.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. १८३५मध्ये मोती काढण्याच्या हंगामापुरता समुद्रावरचा तह झाला, शेखांनाही तो हवाच होता. दरवर्षी तो नवा केला गेला, १८४३ला दहा वर्षांचा झाला, १८५३ला कायमचा. पाणबुडे निर्धास्त मोती काढू लागले, कच्छी आणि सिंधी व्यापारी किनाऱ्यावर स्थिरावले. शांतता आली हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ती शांतता कोणी पाळायची हे ठरलेलं होतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येकाचा युद्धाचा हक्क गेला, इंग्रजांचा राहिला. १८९२च्या करारांनी तर शेखांना ब्रिटनखेरीज कुणाशी बोलायची, कुणाला जमीन द्यायचीही मुभा उरली नाही. बदल्यात मिळालं संरक्षण.

त्या संरक्षणाची किंमत कळली ती शेवटच्या दिवशी. ब्रिटनचे आखातातले करार १ डिसेंबर १९७१ला संपायचे होते. ३० नोव्हेंबरला इराणी फौजा मोठ्या आणि छोट्या तुंब बेटांवर उतरल्या. बेटं रास अल-खैमाच्या ताब्यात होती. अबू मुसा बेटावर शारजाशी समझोता करून इराण उतरलं होतंच. करार अजून एक दिवस जिवंत होता, ब्रिटनने बोट हलवलं नाही. २ डिसेंबरला संयुक्त अरब अमिराती जन्माला आली. रागावलेलं रास अल-खैमा १९७२च्या फेब्रुवारीत सामील झालं. बेटांचा वाद आजही चालू आहे. दीडशे वर्षं ज्याच्याकडून हत्यार काढून घेतलं, त्याला हत्याराची गरज पडली तेव्हा राखणदार निघायच्या तयारीत होता.

मग आज समुद्रावर लूट झाली तर काहीच करू नये? करावं, आणि आपण ते करतोही. मार्च २०२४मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' जहाजावरचे ३५ सोमाली पकडून मुंबईत आणले आणि पोलिसांच्या ताब्यात दिले. डिसेंबर २०२२मध्ये संसदेने चाचेगिरीविरोधी कायदा मंजूर केला, तोच लागला. मला या कायद्यातला सर्वांत मोलाचा भाग त्याची शिक्षा वाटत नाही. त्याची व्याख्या वाटते. 'खासगी हेतूसाठी' आणि 'खासगी जहाजाच्या' लोकांनी केलेली हिंसा ती चाचेगिरी. आणि ती तशी होती का, हे नौदलाचा कप्तान ठरवत नाही, न्यायालय ठरवतं. पकडणारा एक, ठरवणारा दुसरा. १८१९मध्ये नेमकी हीच फट नव्हती. कडक शिक्षेच्या कौतुकात आपण ती बुजवू नये, आणि टीव्हीवर 'चाच्यांना जागीच उडवा' म्हणणाऱ्यांना तर बुजवू देऊच नये.

अडचण येते ती मधल्या माणसांची. नोव्हेंबर २०२३मध्ये येमेनच्या हूथींनी तांबड्या समुद्रात 'गॅलक्सी लीडर' जहाज धरलं. ते म्हणतात आम्ही सरकार आहोत, हे युद्ध आहे. बहुतेक जग त्यांना सरकार मानत नाही. १८२०च्या दुसऱ्या कलमातला प्रश्न जसाच्या तसा परत उभा आहे, आणि उत्तर अजूनही मोठ्या आरमारांच्या सोयीने दिलं जातं. १३ एप्रिल २०२४ला इराणच्या रिव्होल्युशनरी गार्डने होर्मुझजवळ 'एमएससी एरीज' धरलं, कवासिमांच्याच पाण्यात. जहाजावर १७ भारतीय होते. कृती तीच, जबरदस्तीने जहाज ताब्यात घेण्याची. पण धरणारं सरकार होतं, म्हणून चाचेगिरीचा कायदा बाहेर आला नाही. परराष्ट्रमंत्र्यांनी तेहरानला फोन लावला, दूतावासाने भेटी मागितल्या आणि खलाशी टप्प्याटप्प्याने सुटू लागले.